विहिरीत ठेवलेली वाइन

यंदा आमच्या गावी, वटारला, थंडी जरा लवकर उतरली. परवा सकाळी मागचं दार उघडलं, तर केळीच्या पानांवरून दव टपटपत होतं आणि शेजारच्या वाडीत कुणीतरी पाचोळा पेटवला होता. धूर वर जात नव्हता, जमिनीलगत सरकत होता. थंडीत धूरही आळसावतो. मी शाल गुंडाळून ओट्यावर बसले आणि डोळे मिटून वास घेत राहिले. आधी वरचा ओला पाला, मग त्याखालचा जुना, कुजत आलेला पाला, मग राख. असे एकेक वास सुटे करून घ्यायची खोड मला एका हिवाळ्यात लागली. चाळीसेक वर्षं झाली त्याला. ती लावली माझ्या सासऱ्यांनी, आणि त्यांना स्वतःला तेव्हा कसलाच वास येत नव्हता.

माझे सासरे इनासबाबा. त्यांचं अर्धं आयुष्य बोटीवर गेलं. अकरा महिने समुद्र आणि एक महिना घर. एका फ्रेंच कंपनीच्या, मार्सेयहून सुटणाऱ्या प्रवासी बोटीवर ते जेवणाच्या सलूनमध्ये वाढपी होते. शेवटची काही वर्षं त्यांच्याकडे एकच काम होतं, टेबलाटेबलांवर वाइन ओतायचं. कोणती बाटली किती आधी उघडायची, कोणती गार द्यायची, कोणती हलवायची नाही, हे सगळं ते त्या सलूनच्या मुख्य वाढप्याकडून शिकले. तो म्हातारा फ्रेंच माणूस होता. बाबा त्याला नुसतं 'मुस्यू' म्हणायचे, त्याचं खरं नाव मी कधी ऐकलं नाही. बाबा निवृत्त होऊन घरी निघाले, तेव्हा या मुस्यूनं त्यांच्या हातात बोर्दोच्या तांबड्या वाइनची एक बाटली ठेवली.

"म्हणाला, दहा वर्षं हात लावू नकोस," बाबा सांगायचे. "आत्ता उघडलीस तर हिरवी सुपारी चावल्यासारखं तोंड आवळून येईल. दहा-बारा वर्षांनी उघड, मग माझी आठवण काढशील."

मी लग्न होऊन राजोडीहून या घरात आले, तोवर त्या बाटलीला सात-आठ वर्षं झाली होती. पण ती घरात नव्हती. माझ्या सासूबाई, मार्थाआई, दारूच्या नावानं पेटून उठायच्या. त्यांचा धाकटा भाऊ दारूपायी भर तारुण्यात गेला होता. आमच्या गावात नाताळ आला की घरोघरी मनुकांची नाहीतर जांभळांची वाइन घालतात. लहान मुलांनासुद्धा घोटभर मिळते. आमच्या घरात ती कधीच घातली गेली नाही. बाबा बाटली घेऊन आले, तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "ही माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही." बाबांनी वाद घातला नाही. ते बाटली घेऊन विहिरीवर गेले.

विहीर आमची आणि शेजारच्या हरीकाकांची सामाईक. आमची केळी आणि त्यांच्या पानवेली एकाच पाण्यावर. आत उतरायला भिंतीतून बाहेर काढलेले दगडी टप्पे होते, आणि पाण्याच्या वर पुरुषभर उंचीवर एक खोल कोनाडा होता. त्यात बाबांनी रेती भरलेलं एक खोकं ठेवलं, रेतीत बाटली आडवी झोपवली आणि वरून ओलं गोणपाट टाकलं.

मी एकदा विचारलं, "बाबा, आडवी का?"

"बूच ओलं राहायला पाहिजे, बाय. सुकलं की आक्रसतं, आत हवा शिरते, मग वाइनचा शिरका होतो." ते गोणपाट नीट करता करता बोलत होते. "तिला काळोख पाहिजे, गारवा पाहिजे, आणि कुणी हलवलेलं चालत नाही. तिकडे लोकांची तळघरं असतात. आपल्याकडे विहीर आहे."

हरीकाकांनी पाण्यासाठी डिझेलचं इंजिन आणलं, तेव्हा ते विहिरीच्या अगदी काठावर बसवणार होते. बाबा सकाळीच त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, इंजिनाच्या हादऱ्यानं बाटलीतला गाळ उठेल. हरीकाकांनी कपाळाला हात लावला. "अरे इनास, एका बाटलीपायी मी इंजिन माडाच्या पलीकडे नेऊ?" पण नेलं. जास्तीचा पाइप घातला आणि नेलं. पुढे कुणी विचारलं की इंजिन इतकं लांब का, तर ते गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "विहिरीत इनासचा पाहुणा झोपलाय."

आता त्या विहिरीवर लोखंडी जाळी आहे. पाणी मचूळ झालं, पानवेली गेल्या, हरीकाकांची मुलं विरारला, चंदनसारला राहायला गेली. माझा मुलगा कधी कधी नाशिकची वाइन आणतो. तिला बूच नसतं, सोड्याच्या बाटलीसारखं झाकण असतं. कर्रकन फिरवतो आणि ओततो. चांगली लागते. मी पेला नाकाशी धरून जरा वेळ बसते, तर तो म्हणतो, "मम्मी, पी की."

बाटलीच्या अकराव्या वर्षी पाऊस सरता सरता बाबा गोणपाट भिजवायला विहिरीत उतरले आणि वर येताना शेवाळावरून त्यांचा पाय सरकला. पाण्यात पडले नाहीत, पण डोकं दगडावर आपटलं. हरीकाकांनी आणि माझ्या नवऱ्यानं, पास्कोलनं, त्यांना वर काढलं. टाके पडले, आठवडाभर इस्पितळात राहून ते घरी आले. चालत होते, बोलत होते, सगळ्यांना ओळखत होते. आम्ही देवाचे आभार मानले.

मग एक दिवस मी शाळेत शिकवून घरी आले, तर घरभर धूर. बाबा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते आणि त्यांच्यापासून चार हातांवर स्टोव्हवर दूध करपून पातेलं काळं पडलं होतं. आई मागे केळीत होत्या. मी धावत जाऊन स्टोव्ह बंद केला.

"बाबा, तुम्हाला कळलं नाही?"

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. मग उठून आले, पातेल्यावर वाकले आणि जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग कोपऱ्यातली कांद्याची टोपली उचलून नाकाशी धरली. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. बोटीवर कधी वादळ बघितलं का, असं विचारलं की ते हसून उडवून लावायचे. त्या दिवशी ते घाबरलेले होते.

डॉक्टर म्हणाले, डोक्याच्या मारानं वासाची नस दुखावली असेल. परत येईल, कदाचित येणारही नाही. रिक्षात बसल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "अकरा वर्षं थांबलो. एक वर्ष आधी उघडली असती तरी चाललं असतं."

दोन दिवसांनी त्यांनी मला ओट्यावर बोलावलं. आई आत मासे साफ करत होत्या.

"थंडी पडली की बाटली उघडायची," ते म्हणाले.

"बाबा, वास परत येईल की. थांबू या ना."

"मी थांबेन. ती किती थांबेल? तिचाही वेळ असतो, सेलीन. वेळ गेला की फिकं पाणी होतं नुसतं." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तू चाखायची आणि मला सांगायचं."

"मला काय कळतं त्यातलं?"

"राजोडीची ना तू? सुक्या बोंबलाच्या वासात वाढलीस. आज मांदेली ताजी की कालची, ते टोपलीवरचं फडकं न काढता सांगतेस. नाक आहे तुझ्याकडे. शब्द नाहीत, ते मी देतो."

अशी माझी शाळा सुरू झाली. सकाळी मी मुलांना बाराखडी शिकवायची आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ओट्यावर स्वतः पाटी घेऊन बसायची. बाबा कागदाच्या पुड्या बांधून ठेवायचे. डोळे मिटायचे आणि हुंगायचं. काथ. तंबाखू. चपलेचं नवं चामडं. हरीकाकांच्या वेलीचं पान, हिरवं आणि मग सुकलेलं. जांभळाची वाळलेली बी. विहिरीकाठची ओली माती आणि उन्हातली कोरडी माती. एकदा त्यांनी मला वर्गातून पेन्सिली तासलेला भुगा आणायला सांगितलं. मला वाटलं, ते थट्टा करतात.

"मुस्यू म्हणायचा, चांगल्या जुन्या बोर्दोत पेन्सिलीचा वास येतो," बाबा म्हणाले. "मी हसलो होतो त्याच्यासमोर. मग एकदा खरंच आला."

पुडीत काय आहे हे त्यांना माहीत असायचं, पण वास त्यांना यायचा नाही. तरी मी हुंगत असताना ते माझ्या तोंडाकडे असे बघायचे की वाटायचं, माझ्या कपाळावर वाचताहेत. "नुसतं चांगला वास म्हणू नकोस. कसा? कोरडा की ओला? जवळचा की लांबचा? आधी काय आलं, मागून काय आलं?" मी चुकले की रागवायचे नाहीत. पुडी पुन्हा बांधून दुसऱ्या दिवशी परत द्यायचे.

आई या सगळ्यात नव्हत्या. आत चुलीशी असायच्या, जाता-येता पुड्यांवरून ओलांडून जायच्या, बोलायच्या नाहीत. फक्त एकदा मी पुडी हुंगून "जायफळ" म्हणाले आणि आतून आवाज आला, "जायपत्री आहे ती. जायफळ असं तिखट लागत नाही नाकाला." बाबांनी पुडी उघडून मला दाखवली. जायपत्री होती. ओट्यापासून चूल चांगली दहा पावलांवर. बाबा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "चुकीच्या माणसाला शिकवतोय वाटतं मी." पण मोठ्यानं बोलायची त्यांची हिंमत झाली नाही.

विहिरीत आता मीच उतरत होते. पास्कोल माझ्या कमरेला दोर बांधून वरून धरायचा. खाली गेलं की वरचे सगळे आवाज एकदम लांब जायचे. दगडांच्या फटींत नेचे उगवलेले, त्यांचा हिरवा, ओला वास. कोनाड्यातलं गोणपाट उचललं की बाटलीची काळसर पाठ दिसायची. लेबल ओलीनं गळून पडलं होतं, त्यावरचं नाव-साल काही उरलं नव्हतं. मी गोणपाट भिजवून परत घालायची आणि वर यायची. हे सगळं मी एका म्हाताऱ्या माणसाच्या हौसेसाठी करते आहे, असं मी मैत्रिणींना सांगायची. पण खरं तर नोव्हेंबर सरता सरता मलाच त्या बाटलीची ओढ लागली होती. आणि भीतीही. आत शिरका झाला असेल तर? मी ते त्यांना कोणत्या शब्दांत सांगणार होते?

नाताळ झाला. मग दोन दिवसांनी थंडी कडक पडली. बाबांनी उघडायच्या आदल्या दिवशी बाटली वर आणून उभी ठेवायला सांगितली, गाळ तळाशी बसावा म्हणून. उंबऱ्याच्या आत नेता येत नव्हती, म्हणून ती रात्रभर ओट्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास आम्ही ओट्यावर जमलो. बाबांनी पांढरा सदरा घातला होता. माझ्या लग्नात आलेले पातळ काचेचे पेले मी धुऊन, पुसून ठेवले होते, आणि सरबताचा काचेचा जग. हरीकाका आले, पण म्हणाले, "मी पिणार नाही हां. पाहुणा उठतोय म्हणून बघायला आलो."

बाबांनी खिशातून घडीचा बूच काढायचा स्क्रू काढला. अर्धं बूच वर आलं आणि तुटलं. पास्कोल पुढे झाला, पण बाबांनी मान हलवली. राहिलेलं बूच त्यांनी तिरका स्क्रू घालून इतकं सावकाश काढलं की एक कण आत पडला नाही. मग उतरत्या उन्हाकडे बाटलीची मान धरून त्यांनी वाइन जगात ओतली. गाळ मानेपर्यंत आला, तसा हात थांबला. वाइन मला वाटली होती तशी लाल नव्हती. मधे गर्द, पण कडेला विटेसारखी.

त्यांनी पेल्यात थोडी घेतली, पेला गोल फिरवला आणि नाकाशी नेला. किती वर्षांची सवय ती. क्षणभर ते तसेच राहिले. मग पेला खाली आणून माझ्यापुढे धरला.

"सांग."

मी वास घेतला. विहिरीचा वास आला, नुसता विहिरीचा.

"ओल आहे, बाबा. बाकी काही नाही."

"थांब. इतकी वर्षं कोंडलीय ती. श्वास घेऊ दे."

आम्ही थांबलो. बाबांनी स्वतः एक घोट घेतला आणि तोंडात घोळवला. "आंबट कळतंय," ते म्हणाले. "आणि तोंड आवळत नाही. सुपारी गेली. बाकीचं तुझ्याकडे."

मी पुन्हा पेला उचलला. या वेळी ओल बाजूला झाली होती. "काथ," मी म्हणाले. "मग जांभूळ, पण ताजं नाही, वाळलेलं. चामडं, थोडंसं, लांबून." मी घोट घेतला. तो जिभेवर मऊ पसरला आणि गिळल्यावर मागून काहीतरी वर आलं, कोरडं, लाकडाचं. मला हसू आलं. "बाबा, पेन्सिली तासताहेत मुलं."

त्यांनी डोळे मिटले. "कुठल्या वर्गात?" ते म्हणाले, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

पंधराएक मिनिटं ती तशी राहिली. मी सांगत होते, ते ऐकत होते. मग मला जाणवलं, की वास पातळ होतोय. जांभूळ गेलं. काथ गेला. आंबटपणा तेवढा मागे राहायला लागला. बाबा वाट बघत होते. मी मनात म्हटलं, अजून आहे म्हणून सांगावं. त्यांना कुठे कळणार होतं?

"बाबा, जातंय ते," मी म्हणाले.

"जाणारच. म्हातारी वाइन एवढीच थांबते." ते माझ्याकडे बघत होते. "आहे म्हणाली असतीस, तर याआधीचंही काही खरं वाटलं नसतं मला."

तेवढ्यात आई बाहेर आल्या. पदराला हात पुसत उंबरा ओलांडून त्या सरळ बाबांच्या खुर्चीपाशी आल्या आणि त्यांच्या हातातला पेला काढून घेतला. आम्हाला वाटलं, आता ओतून देतात. त्यांनी तो नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

"हा वास मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

त्या बाबांकडे वळल्या.

"तुम्ही बोटीवरून घरी यायचात, तेव्हा तुमच्या पांढऱ्या कोटाच्या बाह्यांना हाच वास असायचा. दर खेपेला. कोट भिजत घालायच्या आधी मी हुंगून बघायची."

बाबांनी आपल्या बाहीकडे पाहिलं. "मार्था, बोट हलायची. ओतताना थेंब उडायचे बाहीवर."

"मला वाटायचं, तुम्ही तिकडे पिता. आणि घरी आलात की महिनाभर माझ्यासाठी सोडता."

"नवीन बाटली उघडली की चमचाभर चाखायचो, खराब नाही ना ते बघायला. थुंकून टाकायचो. तेवढं कामच होतं माझं. पेला भरून टेबलाशी बसलो नाही कधी. वाढप्याला कोण बसवतं?" ते खुर्चीत पुढे सरकले. "इतकी वर्षं हे मनात ठेवलंस? विचारलं का नाहीस?"

आईंनी पेला दोन्ही हातांत धरला होता. "विचारलं असतं, आणि तुम्ही हो म्हणाला असतात तर?"

हरीकाका उठले आणि पानवेलींना पाणी सोडायचं आहे म्हणत निघून गेले. पास्कोल जग उचलून उगाच मागे गेला. मीही उठणार होते, पण आईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं. मग त्यांनी पेल्यातली वाइन ओठांना लावली, तोंड वाकडं केलं आणि पेला बाबांना परत दिला. "मेल्या या पाण्यासाठी माझी झोप गेली," त्या म्हणाल्या, आणि बाबांच्या शेजारी ओट्याच्या कडेवर बसल्या. बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. असं दोघांना बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई विळीवर वांगी चिरत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "ते मार्सेय मार्सेय म्हणता, ते गाव आहे की नुसतं बंदर?" लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती आणि बोटीबद्दलचा हा त्यांचा पहिला प्रश्न. बाबांनी पेपरची घडी घातली. "दोन्ही," ते म्हणाले आणि सांगायला लागले. वांगी त्या दिवशी संध्याकाळी शिजली.

बाबा त्यानंतर सहा वर्षं होते. नाक परत आलं नाही. जेवायला बसले की आई त्यांच्या ताटाशेजारी बसायच्या आणि वाढता वाढता सांगत जायच्या, आमटीत चिंच जरा पुढे गेलीय, भात नव्या तांदळाचा आहे, दुधाळ वास येतोय, कोथिंबीर आपल्याच वाफ्यातली. बाबा मान डोलवत जेवायचे.

"आज बोंबील करपलाय," त्या म्हणायच्या. "तुम्हाला कळणार नाही, पण मी आपलं सांगून ठेवते."